स्कोअर ७९१ असूनही कार्डाचं व्याज मेहुण्याइतकंच, मग स्कोअर सांभाळून उपयोग काय?

मकरपुरा_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. पैशातलं मला फार कळत नाही, मशीनवरचं काही विचारा सांगीन, पण हे क्रेडिट कार्डाचं प्रकरण डोक्यावरून गेलंय म्हणून इथे टाकतोय.

झालं असं की मुलीला यंदा एमएस युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, लॅपटॉप पाहिजे म्हणाली, तर १२ ऑगस्टला अलकापुरीतल्या दुकानातून ६०,००० चा घेतला, कार्डावर. बिल २० ऑगस्टला निघालं, भरायची तारीख ९ सप्टेंबर. मी ८ ला ५०,००० भरले, म्हटलं राहिलेले दहा पुढच्या पगाराला टाकू, दहा हजारावर महिन्याचं व्याज होऊन होऊन किती होणार, तीन-चारशे. त्यानंतर कार्ड खिशातून काढलंसुद्धा नाही. आणि परवा २० तारखेचं स्टेटमेंट आलं त्यात व्याज २,१४५ आणि वर जीएसटी ३८६! दहा हजाराच्या बाकीवर अडीच हजार?? मला वाटलं यांचं कॉम्प्युटर बिघडलं.

बरं, हे एक. दुसरं म्हंजे माझा सिबिल स्कोअर (उधारी वेळेवर फेडतो की नाही याचा आकडा) ७९१ आहे, अ‍ॅपवर दिसतो, बारा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही. माझ्या मेहुण्याकडे त्याच बँकेचं तेच कार्ड आहे, त्याचा स्कोअर ६६०, बाइकचे हप्ते दोनदा बाउन्स केलेत त्याने. रविवारी सेव उसळ खाताना दोघांची स्टेटमेंटं शेजारी ठेवून बघितली, दोघांनाही महिन्याला ३.७५ टक्के. तो हसतोय मला, म्हणतो भावोजी तुमच्या ७९१ ची फ्रेम करून लावा.

तर स्कोअरचा आणि कार्डाच्या व्याजाचा काही संबंध असतो की नाही?

हिशेबनीस_रावपुरा

आधी तुमच्या अडीच हजाराचं बघू, कॉम्प्युटर बिघडलेलं नाही, मी कागदावर मांडून पाहिलं, पैसा न् पैसा जुळतो.

कार्डावर जो ४५-५० दिवस बिनव्याजी काळ म्हणतात ना, तो बिल पूर्ण भरलं तरच मिळतो. एक रुपया जरी मागे ठेवला तरी तो काळ गेला, आणि व्याज धरतात ते बाकी राहिलेल्या दहा हजारावर नाही तर पूर्ण ६०,००० वर, तेही खरेदीच्या दिवसापासून. १२ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर म्हंजे २७ दिवस. ३.७५ गुणिले १२ म्हंजे वर्षाला ४५ टक्के, ६०,००० वर रोजचे ७४ रुपये झाले, २७ दिवसांचे १,९९७. मग ८ ते २० सप्टेंबर बारा दिवस उरलेल्या दहा हजारावर रोजचे सव्वाबारा, ते १४८. झाले २,१४५. त्यावर १८ टक्के जीएसटी ३८६.

आणि सांभाळा, आता हे पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर काही घेऊ नका. नवरात्र तोंडावर आहे, गरब्याचे पास, चनिया चोळी, सगळं कार्डावर मारायची सवय असते लोकांना. मागची बाकी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पास घेतला त्या दिवसापासून मीटर चालू. हे बिल वाचून कळत नाही, बारीक अक्षरात असतं, आणि ते बारीक अक्षर वाचायला चष्मा पण कार्डावरच घ्यावा लागेल.

स्कोअरबद्दल जाणकार सांगतील.

दांडियाबाजार_काका

मी बँकेतून रिटायर झालोय, शेवटची सहा वर्षं कर्ज विभागात होतो, त्यामुळे थोडं लांब लिहितो, चालवून घ्या. (सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये ज्या गावात बँक ऑफ बडोदा काढली त्या गावच्या माणसाने बिनव्याजी काळ म्हणजे काय हे स्टेटमेंट आल्यावर शिकावं, असो.)

मेहुणेबुवा अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडे बहुतेक बँकांत कार्डाचा दर त्या कार्डाला चिकटलेला असतो, माणसाला नाही. कार्ड घेताना जे अटींचं पत्रक मिळतं त्यात एकच आकडा छापलेला असतो, ३.५ किंवा ३.७५, तो ७९१ वाल्यालाही तोच आणि ६६० वाल्यालाही तोच. स्कोअर बघितला जातो तो दारात, कार्ड द्यायचं की नाही, कोणतं द्यायचं आणि लिमिट किती द्यायचं यासाठी. तुम्ही लिमिट लिहिलं नाहीत, पण दोघांची लिमिटं शेजारी ठेवून बघा, तिथे फरक सापडेल.

आता असं का, तर माझ्या अनुभवात ज्याचा स्कोअर चांगला तो बहुधा बिल पूर्णच भरतो, त्याला दर चार टक्के असो की चाळीस, त्याला फरकच पडत नाही, मग त्याला सवलत देऊन बँकेला काय मिळणार? व्याज भरतो तो बाकी फिरवणारा, म्हणजे बिल पूर्ण न भरता उरलेलं पुढच्या महिन्यावर ढकलणारा, आणि त्याच्याकडे ना घर गहाण ना सोनं, त्यातले किती बुडवणार याचा अंदाज धरून सगळ्यांना एकच चढा दर लावून टाकतात. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्ड उधारीचा रिस्क वेट १२५ वरून १५० टक्के केला, म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. दर खाली येण्याचं काही कारणच उरलं नाही.

वरची मर्यादा म्हणाल तर ती पण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे असं म्हटलं होतं, बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, प्रकरण सोळा वर्षं पडून होतं आणि २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. मला विचाराल तर ४५ टक्के हा दर सावकारी आहे, बँकेत नोकरी केली म्हणून मी ते नाकारणार नाही.

पण मेहुणेबुवा अर्धे चूक पण आहेत. एक, काही बँका माणूस बघून दर लावतात. आयडीएफसी फर्स्टने २०२१ मध्ये कार्डं आणली तेव्हा महिन्याला ०.७५ पासून २.९९ टक्क्यांपर्यंत असा पट्टाच जाहीर केला होता, त्यात तुम्ही कुठे बसता ते तुमच्या इतिहासावर. दोन, रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डाचे जे नियम काढले, त्यात लिहिलं होतं की परतफेडीच्या इतिहासावरून वेगवेगळ्या ग्राहकांना वेगळा दर लावणार असाल तर तो उघडपणे जाहीर करा. म्हणजे असा दर लावायला मनाई नाही. हप्ते चुकवणाऱ्याचा दर वाढू शकतो, अटींच्या पत्रकात तसं वाक्य असेल तर त्याने नंतर बोंब मारून उपयोग नाही. मेहुण्याला ते पत्रक वाचायला सांगा.

मकरपुरा_शिफ्टवाला

काका, हिशेबनीस, दोघांचे आभार. हिशेब कळला, राग गेला नाही पण कळला. लिमिटं बघितली, माझं २,४०,००० आणि त्याचं ६०,०००, त्यातले ४५,००० तो गेले पाच महिने फिरवतोय आणि फक्त मिनिमम (बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम) भरतोय, हे मला आत्ता कळलं, ताईला तर अजून माहीत नाही.

अजून एक, माझे दहा हजार राहिले त्याने माझा स्कोअर पडेल का?

कात्री_चालवा

सोपा उपाय सांगतो. कात्री घ्या, कार्डाचे चार तुकडे करा, प्रश्न मिटला. आमच्या आजोबांकडे कुठलं कार्ड होतं, मांडवीच्या दुकानदाराकडे वही होती, महिन्याला चुकतं करायचे. अंथरूण पाहून पाय पसरा.

हिशेबनीस_रावपुरा

अहो आजोबांची ती वही म्हंजे कार्डच की, ४५ दिवसांऐवजी ३० दिवस एवढाच फरक!

आणि कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही, वार्षिक फी चालूच राहते, ती भरली नाही की थकबाकी दिसते. बंद करायचं तर बाकी शून्य करून बँकेला लेखी कळवायचं, सात कामाच्या दिवसांत बंद करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. पण सगळ्यात जुनं कार्ड बंद करायच्या आधी दहादा विचार करा. माझं २००९ चं एक साधं फुकट कार्ड आहे, महिन्याला लाइटबिल एवढंच त्यावर भरतो, ते बंद केलं तर माझा इतिहास एकदम लहान होईल आणि एकूण लिमिट पण कमी होईल, खर्च तेवढाच राहून लिमिटपैकी किती वापरलं ती टक्केवारी वाढेल.

शिफ्टवाले, तुमचा स्कोअर दहा हजारासाठी पडणार नाही. मिनिममपेक्षा कितीतरी जास्त भरलंय, तेही तारखेच्या आधी, सिबिलच्या रिपोर्टात ते वेळेवर भरलं असंच जातं. थकीत म्हणून कळवायचं ते सुद्धा तारखेनंतर तीन दिवस उलटून गेल्यावरच. मेहुण्याचं मात्र बघा, साठात पंचेचाळीस, लिमिटच्या ७५ टक्के कायम भरलेलं. तीसच्या आत असलं तर बरं असं म्हणतात. एकदाही लेट न होता सुद्धा तो स्कोअर खाली बसलेला राहणार.

आणि स्कोअरचा उपयोग काय विचारता ना, तर मेहुण्याचे ते ४५,००० घ्या. कार्डावर महिन्याला व्याज १,६८७, जीएसटी धरून १,९९१. हेच पैसे पर्सनल लोन काढून फेडले आणि लोन १८ टक्क्यांनी मिळालं तर पहिल्या महिन्याचं व्याज ६७५. तुमच्यासारख्याला सव्वाअकराने मिळालं तर ४२२. आणि लोनच्या व्याजावर जीएसटी नाही बरं का, तो फक्त कार्डाच्या व्याजावर आहे, कार्डावर ईएमआय करून घेतला तरी त्याच्या व्याजावर लागतो. म्हंजे खड्ड्यात पडताना दोघं सारखेच, पण बाहेर यायची शिडी तुम्हाला स्वस्तात मिळते.

वाघोडिया_रोडची_सुनबाई

मेहुण्याबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात हे झालंय. माझ्या दिरांचं आजवा रोडला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, २०२० च्या लॉकडाउनमध्ये बंद, कार्डावर वाढत वाढत १,१०,००० झाले. वसुलीवाले रोज फोन, सासूबाईंना पण फोन करायचे. शेवटी २०२१ मध्ये एकजण म्हणाला एकरकमी ६०,००० भरा, विषय संपला, लेटर देतो. मी माझ्या बांगड्या ठेवून पैसे दिले. लेटर आलं, भावोजींनी ते लॅमिनेट करून देवघराच्या बाजूला लावलं, आम्ही सगळे खूश.

२०२४ ला त्यांनी फ्लॅट बुक केला, होमलोनला गेले तर तीन ठिकाणी नकार. रिपोर्ट काढला तर त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ लिहिलेलं. आम्हाला वाटायचं सेटल म्हंजे मिटलं. तसं नसतं, सेटल म्हंजे याने पूर्ण दिले नाहीत, आम्ही सोडून दिले, असा अर्थ होतो पुढच्या बँकेसाठी. शेवटी एका छोट्या फायनान्स कंपनीने दिलं ते ११.४ टक्क्यांनी, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना साडेआठच्या आसपास मिळालं होतं. वीस वर्षांच्या लोनवर हा फरक किती होतो ते हिशेबनीसदादा काढतील, मी काढला नाही, झोप लागणार नाही.

नंतर एकाने सांगितल्यावर त्या बँकेत जाऊन उरलेले ५०,००० भरले, नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घेतलं आणि रिपोर्टात ‘क्लोज्ड’ करून घेतलं. बँक म्हणाली झालं, पण दोन महिने रिपोर्टात काही बदललं नाही. मग सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली, ३० दिवसांत निकाल लावला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात असा नियम आहे २०२४ च्या एप्रिलपासून, तो मेलमध्ये लिहिला, तेव्हा अठराव्या दिवशी बदललं. लॅमिनेट केलेलं लेटर अजून भिंतीवरच आहे, कोणी काढायची हिंमत करत नाही.

कमाटीबाग_सकाळी_सहा

इथे नसेल पण अमेरिकेत स्कोअर बघूनच व्याज लावतात. माझी मुलगी ओहायोत आहे, गेली तेव्हा इथला सिबिल तिथे कोणी विचारला नाही, कोरी पाटी. तिने ३०० डॉलर डिपॉझिट ठेवून कार्ड घेतलं, व्याज २८ टक्के. दीड वर्ष सगळं वेळेवर भरलं, स्कोअर वर गेला, तिकडे तो ३०० ते ८५० मध्ये मोजतात, मग दुसऱ्या बँकेचं कार्ड मिळालं ते १९ टक्क्यांचं. तिच्या रूममेटला त्याच बँकेचं तेच कार्ड २६ ने मिळालं. म्हंजे शिफ्टवाल्यांनी तिकडे सेव उसळ खाल्ली असती तर मेहुणा हसला नसता.

मात्र जुन्या कार्डाचं व्याज आपोआप उतरलं नाही हं, तिने फोन करून विचारलं तेव्हा थोडं कमी केलं. आणि दर वाढवायचा तर ४५ दिवस आधी कळवावं लागतं असा तिथला २००९ चा कायदा आहे. आपल्याकडे विचारून बघायला काय हरकत आहे?

दांडियाबाजार_काका

विचारायला हरकत नाही, पण आपल्याकडे फोनवर दर कमी झाल्याचं मी नोकरीत पाहिलं नाही. लेट फी माफ करतात, पहिल्या चुकीचं व्याज कधी कधी उलटं करतात, नम्रपणे मागावं. ‘मी बारा वर्षांचा ग्राहक’ हे वाक्य आधी टाकावं.

सुनबाई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक बँकेच्या दारावर लावायला पाहिजे.

टिफिन_खंडेराव_मार्केट

मी पण विचारून घेते, वेगळा धागा कशाला. मी आयुष्यात कर्ज घेतलं नाही, टिफिनचा धंदा आहे, चाळीस डबे जातात. बँकेत कार्ड मागितलं तर म्हणाले स्कोअर मायनस एक आहे. मी कोणाचं काय बुडवलं म्हणून मायनस?

दांडियाबाजार_काका

ताई, मायनस एक म्हणजे वाईट नाही, तुमची माहितीच नाही एवढाच अर्थ. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो यायला आधी काहीतरी उधारी घेऊन फेडलेली दिसावी लागते. तुमच्याच बँकेत २०-२५ हजारांची एफडी ठेवा आणि तिच्यावर कार्ड मागा, एफडीच्या ७५ टक्क्यांच्या पुढेमागे लिमिट मिळतं, एफडीचं व्याज चालूच राहतं. महिन्याला गॅस सिलेंडर आणि तेलाचे डबे तेवढे त्यावर घ्या, पूर्ण भरा. सहा-आठ महिन्यांत स्कोअर दिसायला लागेल. रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून (स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडून) फुकट मिळतो. चार ब्युरो आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. कमी होतो तो एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकल्याने.

मकरपुरा_शिफ्टवाला

मंडळी, महिन्याने परत आलोय, काय झालं ते सांगतो.

२४ सप्टेंबरलाच सगळे भरून टाकले, दहा हजार आणि ते अडीच हजार. काकांनी सांगितलं तसं बारा वर्षांचा ग्राहक म्हणून फोन केला, पोरीने छान ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

मेहुण्याला घरी बसवून दोघांचे बँकेचे अ‍ॅप उघडले. पर्सनल लोनच्या पानावर मला ११.२५ चं ऑफर तयार दिसत होतं, न मागता. त्याच्या अ‍ॅपवर त्या जागी विम्याची जाहिरात. मग त्याने दुसरीकडे अर्ज केला, तिथे १८ टक्क्यांनी ५०,००० मिळाले, त्यातून कार्ड शून्यावर आणलं. ताईला मीच सांगितलं, आठ दिवस मला पण जेवायला बोलावलं नव्हतं. फ्रेमचा विषय त्याने परत काढला नाही.

आता शेवटचं विचारतो. परवा २० ऑक्टोबरचं स्टेटमेंट आलं, सगळं भरलेलं असूनही ५८ रुपये दाखवतायत, कार्डाला हात लावलेला नाही. हे काय?

हिशेबनीस_रावपुरा

२० ते २४ सप्टेंबर, चार दिवस, दहा हजारावर. व्याज ४९, जीएसटी ९. तारखेच्या आत भरून टाका.